मेलेलं म्हणून नोंदलेलं झाड

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं की सूचिपर्णी झाडं सदाहरित असतात. पाइन, देवदार, फर. बर्फ पडो की वारा सुटो, हिरवीच. या नियमाला मोजके अपवाद आहेत. त्यातला एक थंडीच्या तोंडावर विटकरी-तांबूस होतो आणि मग आपल्या पळसासारखा, सागासारखा उघडाबोडका उभा राहतो. त्याचं नाव मेटासेक्विया. इंग्रजीत त्याला ‘डॉन रेडवुड’ म्हणतात, म्हणजे पहाटेचा रेडवुड. चीन, जपान, कोरिया, युरोप, अमेरिका अशा सगळीकडच्या बागांत तो आज दिसतो. १९४१ साली मात्र विज्ञानाच्या लेखी हे झाड फक्त दगडात उरलेलं होतं.

त्या वर्षी शिगेरू मिकी हे जपानी शास्त्रज्ञ जुने जीवाश्म तपासत होते. कोणी ते सेक्वियाचे म्हणून, तर कोणी दलदलीतल्या सायप्रसचे म्हणून नोंदवले होते. मिकींना एक बारीक फरक दिसला. त्या दोन्ही झाडांची पानं काडीवर एकाआड एक असतात, या जीवाश्मांत मात्र ती समोरासमोर जोडीनं होती. म्हणजे झाड वेगळं. मिकींनी त्याला नवं नाव दिलं, मेटासेक्विया. डायनासोरांच्या काळापासून उत्तर गोलार्धभर, अगदी उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवरही वाढलेला हा वृक्ष नामशेष झाला, असंच तेव्हा सगळे धरून चालले.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात चीनमध्ये काय घडत होतं बघा. जपानशी युद्ध चालू होतं. चिनी विद्यापीठं आपला संसार गुंडाळून आतल्या डोंगराळ मुलखात गेली होती. गान द्वो नावाचे वनशास्त्राचे प्राध्यापक प्रवासात मोदाओशी या खेड्यातून जात असताना त्यांना एक प्रचंड झाड दिसलं. पायथ्याशी छोटंसं देऊळ होतं. गावकरी त्याला ‘श्वेईशा’, म्हणजे पाणफर, म्हणत आणि पूजत. आपल्याकडे वडाखाली म्हसोबा असावा, तसंच. पण हिवाळा असल्यानं झाडावर पानं नव्हती, आणि पानांवाचून ओळख पटेना.

१९४३च्या उन्हाळ्यात वांग झान हे वन अधिकारी तिथे पोहोचले. त्यांनी डहाळ्या आणि फळं गोळा केली, पण त्यांना ती एका ओळखीच्या चिनी झाडाची वाटली. नमुना कपाटात गेला. पुढे तो झेंग वानजुन या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती पडला आणि त्यांना शंका आली. १९४६ साली त्यांनी श्वे जिरू या तरुण विद्यार्थ्याला दोनदा तिकडे पाठवलं. आधी नदीतून बोटीनं, मग शंभरेक किलोमीटर पायी. त्यानं आणलेले नमुने बीजिंगला हू शिआनसू यांच्याकडे गेले. हूंनी मिकींचा निबंध वाचलेला होता. समोरासमोरची पानं पाहून त्यांनी ओळखलं की दगडातलं झाड जिवंत आहे. १९४८ साली हू आणि झेंग यांनी मिळून त्याचं नामकरण केलं, मेटासेक्विया ग्लिप्टोस्ट्रोबॉइडिस.

या साखळीतली एकही कडी एकट्यानं पुरी पडली नसती. शत्रुराष्ट्रातल्या माणसाचा निबंध, पानांविना पाहिलेलं झाड, चुकीचं नाव लागलेला नमुना, विद्यार्थ्याची पायपीट. आणि या सगळ्यांच्या आधी ते गावकरी. त्यांनी देवाच्या नावानं कुऱ्हाड लांब ठेवली नसती, तर पुढच्यांना पाहायला झाडच उरलं नसतं.

आता प्रश्न होता बियांचा. चीनमध्ये यादवी पेटली होती, पुढे दारं कधी बंद होतील याचा नेम नव्हता. हार्वर्डच्या आर्नल्ड वृक्षोद्यानातल्या एल्मर मेरिल यांनी बिया गोळा करण्यासाठी अडीचशे डॉलर पाठवले. १९४७च्या शरद ऋतूत बिया गोळा झाल्या, १९४८च्या जानेवारीत बॉस्टनला पोहोचल्या आणि तिथून पाकिटं करून जगभरच्या उद्यानांना वाटल्या गेल्या. दुसऱ्याच वर्षी चीनची राजवट बदलली. हू शिआनसू सांस्कृतिक क्रांतीत छळले गेले आणि १९६८ साली वारले. त्यांनी नाव दिलेलं झाड तोवर दूरदूरच्या देशांत मूळ धरून होतं.

बागेत लावायला हे झाड सोपं निघालं. भरपूर ऊन, ओलावा धरणारी माती आणि पसरायला जागा एवढ्यावर ते खूश. मानवलं तर वर्षाला जवळपास एक मीटर चढतं. शेंडा निमुळता राहतो, बुंधा खाली पसरून खोबणीखोबणीचा होतो. कडाक्याची थंडी सोसतं, कोरडा दुष्काळ मात्र नाही. नवख्या माळ्याला पहिल्या हिवाळ्यात ते वाळलं असंच वाटतं, पण घाई केली नाही तर वसंतात पिसांसारखी पोपटी पानं फुटतात. फांद्या कापून लावल्या तरी रोपं होतात. त्यामुळे चीननं ते लाखांनी वाढवलं. ज्यांग्सू प्रांतातल्या पीझोऊ भागात १९७५पासून लावलेल्या रस्त्याची दुतर्फा रांग कित्येक किलोमीटर लांब आहे. कोरियातल्या नामी बेटावरची रांग तुम्ही ‘विंटर सोनाटा’ मालिकेत कदाचित पाहिली असेल. तिथे फोटो काढायला आजही गर्दी होते.

मग झाड वाचलं, असं म्हणायचं? इथे गोष्ट जरा अडते. मूळच्या खोऱ्यांत रानटी मोठी झाडं सहा हजारांहूनही कमी आहेत. ती आता संरक्षित आहेत, त्यांना कोणी तोडत नाही. पण त्यांच्याखाली भातखाचरं आहेत, पिकं आहेत. तिथली जमीन लोकांच्या पोटाची आहे. बी पडतं, पण रोप रुजून मोठं व्हायला जागा नाही. म्हणजे म्हातारे आहेत, नातवंडं नाहीत. रस्त्याकडेच्या लाखो झाडांतली बरीचशी थोड्याच झाडांच्या बियांतून किंवा फांद्यांतून आलेली. संख्या अफाट, पण वाण एकसारखा. उद्या नवी कीड आली, हवा बदलली, तर तोंड द्यायला लागणारी विविधता त्या खोऱ्यांतच आहे.

आपला गुलमोहर असाच मादागास्करहून आला आणि इथल्या प्रत्येक रस्त्याचा होऊन गेला. तो कुठल्या रानातून आला, ते रान आज कसं आहे, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. झाड लावणं आणि झाडाचं रान टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फोटो चांगले येतात. दुसरीत कुणाच्या तरी शेताचा बांध मागे सरकवावा लागतो, त्याचा मोबदला द्यावा लागतो आणि पुढची पन्नास वर्षं वाट पाहावी लागते.

मोदाओशीचं ते झाड आजही उभं आहे. दर हिवाळ्यात पानं गाळतं, दर वसंतात फुटतं. त्याच्या सावलीत नवं रोप वाढेल की नाही, हे मात्र त्या झाडाच्या हातात नाही.