सुसान स्ट्रायकर : पुसलेल्या इतिहासाच्या अभ्यासक

ज्यांच्याविषयी वैद्यक, कायदा आणि धर्म बोलत आले, त्यांनी स्वतःविषयी अभ्यासकाच्या अधिकाराने बोलावे, हा पारलिंगी अभ्यास या ज्ञानशाखेचा मूळ आग्रह होय. ही शाखा उभारणाऱ्यांत अमेरिकी इतिहासकार सुसान स्ट्रायकर (जन्म १९६१) अग्रणी मानल्या जातात.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९९२ मध्ये त्यांनी अमेरिकी इतिहासात पीएच.डी. मिळविली. प्रबंधाचा विषय होता मॉर्मन पंथाची जडणघडण. त्याच सुमारास त्यांनी स्त्री म्हणून जगण्यास प्रारंभ केला आणि पदवी हाती असूनही अध्यापनाची कायम जागा दीर्घकाळ दुरापास्त राहिली. १९९४ मध्ये 'जीएलक्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाशी स्वतःचे नाते सांगितले. पारलिंगी देहाला कृत्रिम ठरविणाऱ्यांना त्यांचा प्रतिप्रश्न होता, की नैसर्गिक म्हणविणारा देह तरी घडविलेला नाही काय?

विद्यापीठाबाहेरच्या या काळातच त्यांच्या हातून मोलाचे संशोधन झाले. १९९९ ते २००३ या काळात त्या सॅन फ्रान्सिस्कोतील जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीच्या कार्यकारी संचालक होत्या. ऑगस्ट १९६६ मध्ये त्या शहराच्या टेंडरलॉइन वस्तीतील कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पोलिसी जाचाविरुद्ध पारलिंगी स्त्रियांनी केलेला उठाव विस्मृतीत गेला होता. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध स्टोनवॉल उठावाच्या तीन वर्षे आधीची ही घटना. तत्कालीन वृत्तपत्रांनी दखल न घेतलेल्या या प्रसंगाचा माग स्ट्रायकर यांनी जुनी कागदपत्रे आणि हयात साक्षीदारांच्या मुलाखती यांतून काढला. व्हिक्टर सिल्व्हरमन यांच्यासह त्यांनी केलेला 'स्क्रीमिंग क्वीन्स' (२००५) हा माहितीपट त्याचेच फलित. २०१७ मध्ये शहराने या परिसराला पारलिंगी सांस्कृतिक वारसा क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

स्टीफन व्हिटल यांच्यासह संपादिलेला 'द ट्रान्सजेंडर स्टडीज रीडर' (२००६) आणि 'ट्रान्सजेंडर हिस्टरी' (२००८) हे ग्रंथ या विषयाचे आधारग्रंथ ठरले. २०११ मध्ये त्या अॅरिझोना विद्यापीठात रुजू झाल्या व तेथील एलजीबीटी अभ्यास संस्थेच्या संचालक झाल्या. २०१४ मध्ये पेस्ली करा यांच्यासमवेत त्यांनी 'टीएसक्यू' हे त्रैमासिक सुरू केले.

एखाद्या समूहाला भूतकाळच नाही असे ठरविले, की त्याचे वर्तमान अस्तित्व विकृती किंवा नवे खूळ म्हणून नाकारणे सोपे जाते. स्ट्रायकर यांनी आयुष्यभर जमविलेले पुरावे हे या नाकारण्याला दिलेले उत्तर आहे.