पहिली पायली

1895 साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आमच्या नगर-राहुरी भागात राहिलेले. ख्रिस्ताची कीर्तनं त्यांनी केली, त्यांचे अभंग आमच्या देवळात आजही म्हणतात. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली नि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती.

आमचे आबा ही गोष्ट सांगायचे. खळ्यावर रास झाली की बाजरीची पहिली पायली देवाची. ती पहाटे अंधारात देवळाच्या पायरीवर ठेवून यायचे. कुणाची, ते कळू द्यायचे नाहीत.

1972 च्या दुष्काळात सारी मिळून चार पायल्या झाली. आई-आबा खडी फोडायला जात होते. त्या साली तरी राहू द्या, म्हणून आई रडली. आबा म्हणाले, “उरलंसुरलं द्यायला देव काय भिकारी हाय?”

पुढं मी मंडळीचा पंच झालो, पुढच्या बाकावर बसू लागलो. पहिली पायली मीही देतो, पण दिवसाढवळ्या, चारचौघांत. धाकट्या भावाशी बांधावरून तीन वर्षं अबोला होता. औंदा अंधारात पायली ठेवली, नि परस्पर त्याच्या दारात गेलो. म्हणालो, “बाबा, चुकी माझी हाय.”

पायलीपेक्षा ते जड गेलं.