विशेषनाम आणि तर्कानुसारी भाषा

ठाण्याहून बाळकुमास जावयाचें म्हटलें कीं मराठी बोलणारा दोन्ही नांवें नकळत वांकवितो. ‘ठाणें’चें ‘ठाण्या’ होतें, ‘बाळकुम’चें ‘बाळकुमा’. प्रत्ययापूर्वीं नामाचें सामान्यरूप व्हावयाचें, मग तें नाम गांवाचें असो वा घोड्याचें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, मोरो केशव दामल्यांचें १९११ सालीं (दामले हें नांवहि येथें वांकलेंच!), ही रीत तेव्हांहि होती, आजहि आहे. मात्र माणसांचीं नांवें तिच्यांतून निसटूं लागलीं आहेत: देव्हाऱ्यांतील गणेशाला आपण दूर्वा वाहतों, शेजारच्या गणेशला हांक मारतों.

नांव हें धारण करणाराचें कीं बोलणाराच्या भाषेचें? ज्यांनीं भाषा मुद्दाम घडविल्या त्यांनाहि हा प्रश्न टळला नाहीं. झामेनहोफ यांच्या १८८७ च्या एस्पेरान्तोंत नामें ओकारान्त. परकीं नांवें कोणी तशीं करतात, कोणी मूळचींच ठेवतात. अमेरिकेंत जेम्स कुक ब्राऊन यांनीं १९५५ सालीं ‘लॉगलॅन’ रचावयास घेतली, व तिच्याच धर्तीवर १९८७ सालीं ‘लोज्बान’चें काम सुरू झालें. वाक्याचा अन्वय एकच लागावा आणि नुसत्या कानानें शब्द सुटा पडावा, हा या तर्कानुसारी भाषांचा हट्ट. म्हणून लोज्बानमध्यें इतर शब्द स्वरान्त, पण बाहेरून आलेलें विशेषनाम व्यंजनान्त. त्यानंतर किंचित् विराम, व आधीं ‘ला’, म्हणजे ‘या नांवाचा’. हा ‘ला’ सामान्य शब्दासहि नांव बनवितो. आमच्याकडे ओसरीवरून कोणी ‘वाघ आले’ म्हणाला, तर चहा टाकावा कीं दार लावावें हें प्रसंगच सांगतो. नागरी लिपींत मोठें अक्षरहि नाहीं. लोज्बानच्या घरांत ही धांदल नाहीं.

आतां आमचीं गांवें त्या भाषेंत नेऊन पाहूं. बाळकुम उच्चारांत मकारान्त, म्हणून नियमांत बसतें. पण तेथें ळ नसल्यानें त्याला ‘बालकुम’ व्हावें लागतें, आणि हें कोणा बाळकुमकरास रुचेल असें आम्हांस वाटत नाहीं. कल्याण ण गमावून सुटतें. ठाणें व डोंबिवली स्वरान्त. त्यांना एखादें व्यंजन, बहुधा ‘स’, चिकटवावें लागतें. इंग्रजांनीं ठाण्याचें ‘टाना’ केलें तें कानाच्या आळसानें. येथें ‘तानेस’ होतें तें नियमानें. आधीं ‘ला’, शेवटीं ‘स’: ‘ला डोंबिवलीस’! शाळेंत द्वितीयेचे म्हणून घोकलेले दोन्ही प्रत्यय एका नांवाला दोहों बाजूंनीं लागलेले, आणि विभक्ति मात्र एकहि नाहीं.