फेस्त आणि फेरी : ओबिदुशचा मध्ययुगीन बाजार

लिस्बनच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर ओबिदुश हे टेकडीवरचे चिमुकले गाव आहे. त्याच्याभोवती दीड किलोमीटर लांबीचा दगडी तट अजून शाबूत आहे. उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, किल्ल्याच्या आवारात ‘मध्ययुगीन बाजार’ भरतो आणि शनिवार-रविवारची सुट्टी साधून लिस्बनकर तेथे लोटतात. भाड्याने घेतलेला झगा अंगावर चढवून बँकेतला कारकून सरदार होतो, त्याची मुले लाकडी तलवारी परजतात. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, शिगेवर भाजले जाणारे डुक्कर, ढोल आणि सनईसारखी वाद्ये, सारे काही असते.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ठिकाणी फार चिकित्सक होऊ नये हे खरे. तरीही ओबिदुशची प्रसिद्ध जिंजा, म्हणजे आंबट चेरींचे मद्य, चॉकलेटच्या इवल्याशा पेल्यातून देतात तेव्हा हसू येते. चॉकलेट, बटाटा, टोमॅटो, मका, मिरची यांपैकी एकही वस्तू तेराव्या शतकातील युरोपला ठाऊक नव्हती. ती सारी अमेरिकेतून, १४९२ नंतर आली. उलट मलबारची काळी मिरी तेव्हा तेथे पोहोचत असे. पण अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचे हात फिरत फिरत, श्रीमंतांनाच परवडेल अशा भावाने.

या बाजाराचे खरे मर्म त्याच्या नावात आहे. बाजाराला पोर्तुगीज भाषेत ‘फैरा’ म्हणतात आणि हा शब्द लॅटिन ‘फेरिया’पासून आला. फेरिया म्हणजे सणाचा, विश्रांतीचा दिवस. आपल्या उपासनेच्या पंचांगात ज्या दिवशी कोणाही संताचा सण नसतो त्या दिवसालाही लॅटिनमध्ये फेरियाच म्हणतात, ही गंमत वेगळीच. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत मंगळ, बुध हे रोमन देव वारांच्या नावांत टिकून राहिले. पोर्तुगीजांनी मात्र सोमवारला ‘दुसरा फेरिया’, मंगळवारला ‘तिसरा फेरिया’ म्हटले. याचे श्रेय परंपरा सहाव्या शतकातील ब्रागाचे बिशप संत मार्टिन यांना देते. सणासाठी माणसे जमत. जमलेल्या माणसांना मीठ, कापड, नांगराचा फाळ हवा असे. म्हणून देवळाच्या अंगणाबाहेर दुकाने मांडली जात. गोव्यात फेस्ताबरोबर ‘फेरी’ येते ती याच वाटेने. पावसाळ्याच्या तोंडावर बेगमीसाठी भरणाऱ्या ‘पुरुमेंता’च्या फेस्तातही पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ हा शब्द लपलेला आहे. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा याच कुळातली.

बाजार भरवण्यासाठी राजाची सनद लागे. तिसऱ्या आफोंसूने १२७३ मध्ये त्रांकोझूला अशी सनद दिली. त्याचा पुत्र दीनिश याने तर गावोगावी बाजार वसवले. सनदेतले महत्त्वाचे कलम करांचे नव्हते, ते अभयाचे होते. बाजाराचे दिवस आणि त्याआधीचे व नंतरचे ठराविक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला राजाचे संरक्षण असे. जुन्या कर्जापायी त्याला वाटेत पकडता येत नसे. कर्ज बाजारातच झाले असेल तर गोष्ट निराळी. लुटारूंच्या आणि भांडखोर सरदारांच्या त्या काळात गरीब शेतकऱ्याला हे अभय केवढे वाटत असेल!

परंतु सर्वांना ते सारखे लाभले नाही. आजच्या बाजारात अरबी मिठाई आणि पुदिन्याचा चहा विकणारा ‘मूर’ हमखास असतो. ओबिदुश ११४८ मध्ये मुस्लिमांकडून जिंकून घेतले गेले, आणि मागे राहिलेले मुस्लिम पोर्तुगालच्या गावांत निराळ्या वस्त्यांत राहू लागले. यहुद्यांच्याही अशाच वेगळ्या वस्त्या होत्या. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने दोघांनाही ओळखू येईल असा वेगळा वेश ठरवला. मान्युएल राजाने १४९६ मध्ये दोघांच्या हद्दपारीचे फर्मान काढले, आणि १४९७ मध्ये हजारो यहुद्यांना बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला. बळजबरीच्या बाप्तिस्म्याला ख्रिस्तसभेचाच नियम मनाई करीत होता. वेशांतराच्या या खेळात तो वेश मात्र कोणी भाड्याने घेत नाही.

ओबिदुश हे राण्यांचे गाव. दीनिशने ते आपली वधू इसाबेल हिला, म्हणजे पुढे १६२५ मध्ये संतपदी आरूढ झालेल्या पोर्तुगालच्या संत एलिझाबेथला, आंदण दिले असे सांगतात. नंतर ते लिओनोर राणीकडे आले. तिचा एकुलता पुत्र आफोंसू १४९१ मध्ये ताग नदीच्या काठी घोड्यावरून पडून मरण पावला. कोळ्यांनी त्याला आपल्या जाळ्यात घालून झोपडीपर्यंत नेले. राणीने ते जाळेच आपले चिन्ह म्हणून स्वीकारले, आणि ओबिदुशच्या चौकातील दगडी खांबावर ते कोरलेले आहे. बाजारातली गर्दी त्याच्या शेजारून जाते.

याच लिओनोर राणीने १४९८ मध्ये, वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच वर्षी, लिस्बनमध्ये मिझेरिकॉर्दिया ही दयाकार्याची संस्था उभी केली. भुकेल्यांना अन्न, कैद्यांची भेट, बेवारस मृतांना मूठमाती अशी दयेची चौदा कृत्ये तिने आपल्या नियमांत लिहून घेतली. फाशी दिलेल्या माणसाबरोबर वधस्तंभापर्यंत चालत जाण्याचे कामही संस्थेचे बंधू करीत. पुढच्या शतकात या संस्थेच्या शाखा पूर्वेकडे आल्या : गोव्यात, आणि आपल्या वसईच्या किल्ल्यातही.