मानेवरचा काळा पट्टा

१९२९ साली विलेपार्ल्यात पार्लेचा कारखाना सुरू झाला. १९४९ मध्ये गोरेगावात आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. पुढे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत चाळीचाळीत सकाळ चहा-बिस्किटावर आली आणि भाकरी हळूहळू मागे पडली.

मैदा-साखरेच्या या सवयीची खूण कातडीवरही उमटते. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा येतो. मळ समजून आई मुलाची मान बेसनाने, घासणीने घासत राहते. पोराची मान लाल होते, पट्टा तसाच. बहुतेकदा तो मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते आणि सावळ्या वर्णात ती अधिक आढळते.

डॉ. श्रीकांत जिचकारांचा दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेला. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे. या आहाराचा रोखही इन्सुलिनवरच. वजन उतरले की पट्टा अनेकदा फिकटतो, हे खरेच.

भात-पोळी जवळपास बंद करणाऱ्या कीटो आहाराचे मात्र जपून. त्यात काहींच्या छाती-पाठीवर खाजरे पुरळ उठते. या विकाराचे पहिले वर्णन १९७१ साली जपानमध्ये झाले. भात-पोळी पुन्हा सुरू केल्यावर पुरळ सहसा ओसरते, पण जाळीदार डाग महिनोन्महिने रेंगाळतात. गोऱ्या कातडीवर जी लाली चटकन दिसते, ती सावळ्या कातडीवर लपते, म्हणून निदानही लांबते.

तेव्हा मान घासण्याआधी आणि नवे डाएट धरण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.