कासवाला शिकविणारीं मुलें



पस्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांच्या वह्या तपासल्या. चुकलेल्या गणितावर तांबडी फुली मारावी आणि पान उलटावें, ही माझी रीत. त्या फुलीनें मुलाचा विचार तेथेंच थांबत असेल, हें माझ्या ध्यानांत आलें तें निवृत्तीनंतर, एका यांत्रिक कासवाचा इतिहास वाचतांना.

सन १९६७ मध्यें अमेरिकेंत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनीं मुलांसाठीं 'लोगो' ही संगणकभाषा रचिली. पॅपर्ट यांनीं जिनीव्हा येथें पियाजे यांच्यापाशीं बालमनाचा अभ्यास केला होता; पुढें एम्. आय्. टी. संस्थेंत ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनांत अग्रभागीं होते. यंत्रास विचार शिकवावयाचा तर प्रथम स्वतःचा विचार उकलून पाहावा लागतो. मग हें काम मुलांनींच कां करूं नये, असें त्यांच्या मनानें घेतलें.

थोड्याच वर्षांत संगणकाला जोडलेलें एक कासव जमिनीवर फिरूं लागलें. तें लेखणीनें कागदावर रेघ ओढी. 'शंभर पावलें पुढें, नव्वद अंश उजवीकडे' असें चारदां सांगितलें कीं चौकोन होई. त्रिकोणासाठीं मूल सहजच साठ अंश सांगे, आणि कासव भलतीकडे जाई. मग मूल स्वतः त्या वाटेनें चालून पाही, आणि वळण एकशेंवीस अंशांचें हवें हें त्यास उमगे. येथें चुकीवर फुली नव्हती. चूक शोधावयाची, सुधारावयाची आणि पुनः चालवून पाहावयाचें. 'संगणकीय विचार' हा शब्दप्रयोग पॅपर्ट यांच्या १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथांत आढळतो. २००६ मध्यें जेनेट विंग यांच्या लेखानें तो सर्वतोमुखीं झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी आलें, आणि मुलानें विचारावें, यंत्रानें सांगावें, असा उलटा क्रम सुरू झाला. कासव अडाणी होतें. सांगाल तितकेंच करी. नवें यंत्र अर्धवट बोलणेंही समजून घेतें, आणि त्यामुळें मुलाच्या विचारांतील खोट झांकूनच राहते. हें साधन घरांत नकोच, असें मी म्हणत नाहीं. परंतु उत्तर मागण्यापूर्वीं मुलानें आपली कृति पायरीपायरीनें मांडावी, आणि यंत्रानें फक्त तींतील उणीव विचारावी, एवढा नेम आपण घालूं शकतों.

तोंवर यंत्रावांचूनही प्रारंभ होईल. आपण कासव व्हावें, मुलानें आज्ञा द्याव्या. भिंतीवर आपटलांत तर रागावूं नका. कोठें चुकलें तें त्यालाच शोधूं द्या.