मंडळीची पहिली प्रीती कशी ओसरते

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेले एक छोटे पत्र आहे. त्यात आधी त्या मंडळीची स्तुती येते: तिने श्रम केले, छळ सोसला, खोट्या प्रेषितांना पारखून बाजूला केले. मग एकच तक्रार येते. तिची पहिली प्रीती सुटली आहे. हे पत्र पहिल्या शतकाच्या अखेरचे मानले जाते, आणि पौल इफिसात राहिला तो पन्नाशीच्या दशकात. म्हणजे मधे साधारण चाळीस वर्षे गेली, एक पिढी सरून दुसरी हाताशी आली. पुढे 431 मध्ये याच शहरात सगळ्या ख्रिस्ती जगाची परिषद भरली. तक्रार झाल्यावर तीनशेहून अधिक वर्षे मंडळी, तिचे बिशप, तिचा मान सारे शाबूत होते. भक्ती ओसरणे आणि संस्था कोसळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे इथे प्रथम पक्के करून घेतले पाहिजे. पहिली घडून गेल्यावरही दुसरी कित्येक शतके घडत नाही, म्हणूनच पहिली कुणाच्या ध्यानात येत नाही.

भक्ती या शब्दाचा अर्थ इथे नेमका ठरवून घेऊ. मनातला उमाळा मोजता येत नाही आणि तो दुसऱ्याला दिसतही नाही. म्हणून या विवेचनापुरती भक्ती म्हणजे मंडळीतल्या साध्या माणसाने कुणी न नेमता, मोबदल्याविना, स्वतःचा वेळ, पैसा आणि इभ्रत खर्चून केलेली देवाची व शेजाऱ्याची सेवा. आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणे, नव्या माणसाला शेजारी बसवून वचन समजावणे, भांडलेल्या दोन भावांना एकत्र आणणे, आपल्या ताटातले देणे. ही कामे किती जण करतात, हे डोळ्यांना दिसते. माझे प्रतिपादन असे की मंडळीची भक्ती पापामुळे किंवा पाखंडामुळे क्वचितच जाते. सगळ्यांची कामे थोड्यांकडे सोपवली जातात तेव्हा ती जाते. सोपवणारे सद्हेतूने सोपवतात, घेणारेही सद्हेतूने घेतात, आणि दोघांनाही आपण मंडळीचे भलेच करतो आहोत असे वाटते.

महाराष्ट्रात याचा सर्वात भरीव पुरावा अहमदनगरात सापडतो. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, नगरचे ठाणे 1831 मध्ये सुरू झाले आणि ‘ज्ञानोदय’ नियतकालिक तिथेच 1842 मध्ये निघाले. पहिल्या पिढीतल्या माणसाला बाप्तिस्म्याची किंमत रोख मोजावी लागे. घरातून हाकलले जाणे, गावच्या विहिरीवर बंदी, बायकामुलांची ताटातूट. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घ्यायला 1900 साल उजाडले. त्या मधल्या वर्षांत एका संसाराचे काय झाले ते लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ज्याने एवढे दिले त्याला भक्ती करा असे सांगावे लागत नाही. त्या काळातली नगरकडची मंडळी स्वतःच्या मुखाने बोलत होती. कृष्णराव सांगळे ख्रिस्ताच्या चरित्रावर कीर्तने करीत. ऐकायला येणारा माणूस चर्चच्या बाकावर बसायला तयार नसला तरी कीर्तनाला बसे.

याच काळात दुष्काळ आले. 1876 ते 1878 चा, 1896-97 चा आणि 1899-1900 चा. हजारो माणसे, त्यात बहुतेक महार आणि मांग समाजातली, मंडळीत आली, अनाथ मुलांची वसतिगृहे उभी राहिली, गावोगाव शाळा निघाल्या. शाळेला मास्तर हवा, मास्तराला पगार हवा. उपदेशक, बायबल बाई, पुस्तके विकणारा, वसतिगृहाची मेट्रन, सगळे मिशनच्या पगारपत्रकावर आले. इथे न्यायाने बोलले पाहिजे. ज्यांची जमीन नव्हती, ज्यांना गावकीने वाळीत टाकले होते, त्यांच्या हातात त्या पगारामुळे पहिल्यांदा रोख पैसा आणि मुलांच्या हातात पाटी आली. पगार घेणाऱ्यांना दोष देणाऱ्या माणसाने त्या घरांतली भूक पाहिलेली नसते. दोष दुसरीकडे आहे. साक्ष देणे, आजाऱ्याकडे जाणे, नव्यांना शिकवणे ही कामे पगारात मोडली, तेव्हा बिनपगारी ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला फक्त हजेरी उरली. शेतात राबणाऱ्या विश्वासणाऱ्याला वाटू लागले की प्रार्थना म्हटली की ती पाळकसाहेबांनी करायची, उपदेश मास्तरांनी करायचा, आणि निर्णय बंगल्यावरच्या साहेबांनी घ्यायचा. त्याची इच्छा मेली नव्हती. तिला करायला काही उरले नव्हते.

टिळकांना हे जितके स्पष्ट दिसले तितके दुसऱ्या कुणाला दिसले असेल असे वाटत नाही, कारण ते आतले होते. 1904 मध्ये त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली, 1912 पासून ते ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग संपादत होते, मंडळी त्यांची गाणी गात होती. तरी 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला: बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसमाज, ज्यात पगारी नोकर आणि मिशनरी मालक हे नाते नव्हते. टिळकांनी वारकऱ्यांच्या दिंडीत जे पाहिले होते, तेच त्यांना मंडळीत हवे होते. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. टिळकांचे निदान अचूक होते, उपाय मात्र त्यांच्या एकट्याच्या तेजावर उभा होता, असे माझे मत आहे. मिशनच्या जागी एक असामान्य माणूस आला. सोपवण्याची जागा बदलली, सवय तीच राहिली.

आज त्यांची गाणी ‘उपासना संगीता’तून रविवारी गायली जातात. क्रमांक पुकारला जातो, पेटी सूर धरते, चाल सगळ्यांना पाठ असते. वेळ कमी असला तर पहिले, दुसरे आणि शेवटचे कडवे म्हणावे अशी सूचना होते. एकेकाळी ज्या ओळी लिहिताना माणसाने घरदार गमावले होते, त्या दोन सूचनांच्या मधे बसवल्या जातात. मला हे दुःखाने लिहावे लागते, कारण चाल सुरू झाली की म्हातारी माणसे डोळे मिटतात हेही मी पाहिले आहे. गाणे अजून जिवंत आहे, ते कुणाकडे तरी मागणे मागते आहे.

याच्या उलट उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा राहत होत्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल असे विचारले तेव्हा 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या 550 च्या आसपास गेली आणि जूनअखेर ते संजीवन सुरू झाले ज्याची बातमी जगभर पोचली. वेल्समध्ये त्याच सुमारास असेच घडत होते, त्याची प्रेरणाही होती. विद्वान त्यातले अश्रू, कंप आणि अन्य भाषा यांवर बरेच लिहितात. माझे लक्ष 70 वर जाते. समाजाने टाकलेल्या मुलींना तिथे प्रार्थना करायचे काम मिळाले, आणि लवकरच त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. रमाबाईंसारखी विदुषी समोर असताना त्या मुली ऐकत बसू शकल्या असत्या. रमाबाईंनी त्यांना बसू दिले नाही.

आता रायगडच्या किनाऱ्याकडे येऊ. माणगावहून रोह्यामार्गे कुंडलिकेच्या मुखाशी गेले की उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिण तीरावर कोर्लई लागते. रेवदंड्याचा कोट म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. सोळाव्या शतकात तिथे फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा सगळ्या संघांची देवळे आणि मठ होते. आज कोटात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांतून फ्रान्सिस्कनांच्या देवळाचा ‘सातखणी’ मनोरा अर्धाअधिक पडून उभा आहे. 1739 मध्ये वसई पडली, 1740 च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, आणि ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्याकडे गेले. पलीकडे कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गरीब ख्रिस्ती कुटुंबे राहिली. त्यांच्यामागे ना तोफा होत्या ना मठ. तरी माउंट कार्मेलच्या मातेचे देऊळ आणि तिची मंडळी आजही तिथे आहे, आणि हजारभर माणसांच्या तोंडी ‘नो लिंग’ नावाची पोर्तुगीज वळणाची बोली आहे. 1960 च्या दशकापर्यंत त्यांना पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू मिळत, मग उपासना मराठीत आली. बोली मात्र शाळेत कुणी शिकवत नव्हते. ती आईने लेकराला दिली. श्रद्धाही त्याच वाटेने टिकली असावी असा माझा तर्क आहे. इथे चौलची भक्ती खोटी होती असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. पण तिथे धर्माची सारी कामे संघांकडे आणि संरक्षण कोटाकडे होते. ते उठले तेव्हा मागे राहून ती कामे करणारे कुणी उरले नाही. कोर्लईत ती कामे घरात होती, आणि घर तहाने देता येत नाही.

दक्षिणेकडे सावित्रीच्या मुखावरच्या बाणकोटला 1823 मध्ये स्कॉटिश मिशन आले. पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. मागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णै भागात मराठी शाळांचे जाळे विणले, जॉन विल्सन 1829 मध्ये हर्णैला मराठी शिकले, आणि मग मिशन मुंबई-पुण्याकडे सरकले. शाळा पुष्कळ, मंडळी जवळजवळ नाही. तिथे ओसरायला काही भरलेच नव्हते, म्हणून हा नमुना आपल्या प्रश्नाला फारसे उत्तर देत नाही.

स्वातंत्र्यानंतर सोपवण्याची नवी जागा निर्माण झाली, ती म्हणजे मिळकत. 1970 मध्ये अनेक मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. परदेशी मिशनांनी बांधलेले बंगले, शाळा, दवाखाने, मैदाने विश्वस्तांच्या हाती आली, आणि त्यांना 1950 चा महाराष्ट्र (तेव्हा मुंबई) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू झाला. ख्रिस्ती मंडळीत फिरणाऱ्याला चेंज रिपोर्ट, शेड्यूल वन, धर्मादाय उपायुक्त हे त्या कायद्याच्या कामकाजातले शब्द वेगळे शिकावे लागत नाहीत. ते रविवारी उपासनेनंतर अंगणातच कानावर पडतात. गुजरातेत ब्रदरन पंथाच्या मंडळीच्या विलीनीकरणावरून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयात 2013 मध्ये निकाली निघाला, विलीनीकरणाला तेव्हा 43 वर्षे झाली होती. वादाच्या मूळ तारखेला रांगणारे मूल निकालाच्या दिवशी स्वतः बाप झालेले असू शकते. त्याने मंडळीतल्या शहाण्यासुरत्या, अभ्यासू, त्यागी माणसांना कुठे खपताना पाहिले? वकिलाच्या पायऱ्यांवर. मिळकत राखणे हे कर्तव्यच आहे, पण मंडळीची उत्तम माणसे त्यात गुंतली की प्रार्थनासभेला उरलेली येतात.

जॉन वेस्लीने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच मेथडिस्ट चळवळीबद्दल लिहून ठेवले होते की खरा धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी करतो, त्यातून संपत्ती येते, आणि संपत्ती आली की धर्म आटतो. अमेरिकेत धर्मशास्त्री रिचर्ड नीबूरने 1929 मध्ये दाखवले की तळमळीने निघालेला पंथ एका पिढीत स्थिरस्थावर चर्च होतो. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, पण त्यांत अपरिहार्यतेचा सूर आहे आणि तो मला मान्य नाही. आपल्या कोकणातच त्याला उत्तर आहे. रायगडच्या खेड्यात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावतात: रात्री दोन ते चार अमक्या घराचे, चार ते सहा तमक्या आळीचे. मुंबईला नोकरी करणारा मुलगा पहाऱ्यासाठी रजा काढून एसटीने येतो. कीर्तनकार बाहेरून बोलावतात, त्याला बिदागीही देतात, पण पहारा विकत घेता येत नाही. कित्येक पिढ्या हे चालू आहे, आणि ते चालते कारण दर घराच्या वाट्याला त्याची वेळ येते.

इफिसच्या पत्रातला उपाय याच दिशेने जातो. तिथे आठवण कर, पश्चात्ताप कर आणि पहिली कामे कर असा क्रम आहे. मनात पुन्हा उमाळा आण अशी आज्ञा नाही, ती पाळताही आली नसती. कामे मात्र उद्या सकाळपासून करता येतात, आणि काम करणाऱ्या हाताच्या मागून मन येते, हा सर्व भक्तिमार्गांचा अनुभव आहे.

माणगाव आज महामार्गावरचे, कोकण रेल्वेचे आणि विळे-भागाडच्या कारखान्यांमुळे वाढणारे गाव आहे. अशा गावात ख्रिस्ती मंडळी बहुधा परगावहून नोकरीला आलेल्या एखाद्याच्या खोलीत सुरू होते. चटईवर बसायचे, ज्याच्या घरी पाळी त्याने चहा करायचा, कुणीही वचन वाचायचे, शिफ्टवरून येणाऱ्यासाठी शेवटचे गाणे थांबवून ठेवायचे. पंधरा वर्षांत जागा येईल, पाळक येईल, ट्रस्ट नोंदवला जाईल. यातले काहीच टाळायचे कारण नाही. नोंदणीच्या वेळी घटना लिहिताना विश्वस्तांची मुदत, कोरम, बँकखात्यावर सह्या कुणाच्या हे सगळे वकील सांगतातच. त्याच कागदात आणखी दोन कलमे घालता येतील. एक, आजाऱ्यांच्या आणि नव्या कुटुंबांच्या भेटीची पाळी दर घराला, विश्वस्तांनाही, फिरत्या क्रमाने राहील आणि पाळकाला ती एकट्याने घेता येणार नाही. दोन, वार्षिक सभेत जमाखर्चाच्या आधी त्या पाळ्यांचा अहवाल वाचला जाईल, आणि ज्या घराची पाळी वर्षभर चुकली त्या घरी पुढच्या आठवड्यात मंडळीने स्वतः जायचे.